दोन्ही अंगांनी लाल कागद

मोहवाडीत विश्वंभर गुरवांना नावानं कुणी ओळखत नाही. 'कागदवाले सर' म्हटलं की लहान पोरगंही शाळेकडे बोट दाखवतं. डोंगरकडा या गावापासून केळीच्या बागांमधून चार किलोमीटर आत गेलं की ही वाडी लागते. पाचवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले एक येतात, रुळतात न रुळतात तोच बदली करून जातात. दुसरे विश्वंभर सर. मधली तीन वर्षं सोडली तर सोळा वर्षं ते इथंच आहेत, आणि निवृत्तीला आता चारच उरली आहेत. माणूस सरळ. तंबाखू नाही, राजकारण नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. असल्या माणसाच्या हातून कुणाचं काय वाईट व्हायचं, असं आपल्याला वाटतं. तिथंच आपण फसतो.

सरांचे वडील त्यांच्या गावच्या महादेवाचे पुजारी. घरात पळसाच्या पत्रावळ्या लावायचं काम असे. पान थोडं फिरवायचं, काडी टोचायची, पुन्हा फिरवायचं. असं करत गेलं की गोल आपोआप येतो, त्याला मोजपट्टी लागत नाही. हे सरांच्या बोटांत लहानपणीच बसलं. पुढं डी.एड. झालं, नोकरी लागली, पण बोटं पत्रावळी लावणाऱ्याचीच राहिली. त्यामुळं फळ्यावर कोन काढून 'ही पाव फेरी, ही अर्धी फेरी' असं शिकवणं त्यांना कधी पटलं नाही. फळ्यावरची आकृती काही फिरत नाही, आणि जी फिरत नाही ती फिरवून दाखवली असं म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं ते म्हणत.

त्यांची रीत अशी. पोरांनी कागदाची एक आकृती कापायची. झेंडा म्हणा, विळा म्हणा, एका अंगाला कान फुटलेली पेटी म्हणा. ती वहीवर ठेवून पेन्सिलनं कडा गिरवायची. मग एका कोपऱ्यात बाभळीचा काटा टोचायचा आणि काट्याभोवती आकृती पाव फेरी फिरवून पुन्हा कडा गिरवायची. अशा चार फेऱ्या झाल्या की वहीवर भिरभिऱ्यासारखं चित्र उमटतं आणि पोरं खूश होतात. हात बसला की काटा काढून टाकायचा. मग सर प्रश्न देत, 'ही आकृती फिरवली तर खालच्या चारपैकी कोणती दिसेल?' पोरांनी आकृती उचलून एकेका पर्यायावर ठेवून बघायची. बसली तर तेच उत्तर. चौथीची पोरंही हे करत, आणि पाचवीत गेली की कागद हातात न घेता डोळे मिटून करत.

याचा उपयोग होता. पाचवीच्या पोरांसाठी नवोदयची परीक्षा असते. नंबर लागला तर सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवणं, शिकणं सगळं सरकारचं. त्या परीक्षेत आकृत्या फिरवायचे असले प्रश्न हमखास येतात, आणि मोठ्या शाळांतली, शिकवण्या लावलेली पोरं तिथंच गडबडतात. मोहवाडीची गडबडत नसत. सोळा वर्षांत या एवढ्याशा वाडीतून अकरा पोरं नवोदयला लागली. सर कधी फुशारकी मारत नसत, पण आकडा कुणी दहा सांगितला तर दुरुस्त मात्र करत.

कागद यायचा लग्नपत्रिकांचा. लग्नसराई संपली की घरोघरच्या पत्रिका पोरं शाळेत आणून टाकत. पत्रिकेचा कागद जाड, एका बाजूला गणपती, वधूवरांची नावं, मामांची रांग, आणि दुसरी बाजू कोरी. पण अलीकडं दोन वर्षांत पत्रिका फोनवर यायला लागल्या. आमंत्रण द्यायलाही कुणी दारात येईना, मग कागद कुठून येणार? तेवढ्यात वाडीतल्या मारुतीच्या देवळात सप्ताह झाला. सप्ताह उठल्यावर पताकांचं काय करायचं हा दरवर्षीचा घोर असतो, कारण देवाच्या कार्यातला कागद पायदळी गेलेला कुणाला चालत नाही. या खेपेला पुजाऱ्यांनी पोतंभर लाल पताका शाळेत आणून दिल्या. लेकरं शिकतील, पुण्य लागेल. सरांना आनंद झाला. पताकांचा कागद पातळ म्हणून त्यांनी मैद्याची खळ करून दोन दोन पताका एकमेकींना चिकटवल्या. कागद झाला ताठ, दोन्ही अंगांनी लालभडक. तो वर्षभर पुरला.

त्या वर्षी पाचवीत सात पोरं होती आणि त्यांत शिवकन्या होती.

शिवकन्या गोजरबाईंची नात, लेकीची लेक. गोजरबाई शाळेत खिचडी शिजवतात. त्यांची ती लेक चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. जावयानं दुसरं लग्न केलं आणि तो पुण्याकडं निघून गेला तो गेलाच, पोरगी आजीजवळ राहिली. हडकुळी, फारसं न बोलणारी, पण हातात कात्री दिली की डोळे चमकायचे. काटा टोचून चार फेऱ्या काढायला इतर पोरांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात ही आठ काढायची. सर एकदा सहज म्हणाले होते की असं पोर दहा वर्षांत एक मिळतं. ते खोटं नव्हतं.

श्रावणात एक दिवस पातेली घासून झाल्यावर गोजरबाई सरांच्या खोलीच्या दाराशी येऊन बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सर, मपलं काई खरं न्हाई. पोटात गाठ हाये. नांदेडच्या डाक्टरनं सांगितलं, साल निघंल, न्हाई बी निघंल."

सरांनी हातातली वही मिटली. गोजरबाई बोलतच होत्या.

"मला मरायचं भेव न्हाई. पर ह्या लेकराला कोनाच्या दारात टाकू? संतराम मपलाच लेक, पर त्याच्या घरी धाडली तर हाटेलातल्या कपबश्या धुवून मरंल पोरगी. त्याची बायको कशी हाये ते तुमाला ठाऊक हाये."

संतरामचं आखाडा बाळापूरला रस्त्यावर चहाचं हॉटेल आहे. सर तिथं चहा प्यायलेले होते. बाईंचं म्हणणं त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"नवोदयला लावू तिला," सर म्हणाले. "बारावीपर्यंत कुणाच्या दारात जायची गरज न्हाई."

"लागंल नंबर?"

"लागंल. माझा शब्द हाये."

शब्द देणं सोपं असतं. देणाऱ्याच्या मनात त्या वेळी काही पाप नसतं, सरांच्याही नव्हतं. गोजरबाई उठल्या आणि त्या दिवसापासून त्यांचा चेहराच बदलला. खिचडीत मीठ कमी-जास्त व्हायचं थांबलं. मरणाची तारीख हातात आलेली ती बाई गुणगुणायला लागली होती.

पुढं मतदार यादीचं काम आलं, मग निवडणूक आली. सर दारोदार फॉर्म घेऊन फिरत होते आणि शिवकन्या, त्या वर्षी परीक्षेला बसणारी एकटीच, वर्गात जुने पेपर सोडवत होती. आकृत्यांच्या प्रश्नांत तिचे दोन-चार चुकत. सर संध्याकाळी घाईघाईत तपासत आणि म्हणत, "तू लई गडबड करून राहिलीस, सावकाश कर." ती मान हलवायची. आपण गडबड करत नाही, हे तिला ठाऊक असणार. पण सरांना उलट बोलायची मोहवाडीत रीत नाही.

जानेवारीत कळमनुरीच्या केंद्रावर परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी पेपर सगळ्या शिक्षकांच्या फोनवर फिरत होता. सरांनी शिवकन्येला बोलावलं आणि तिनं काय काय लिहिलं ते विचारत बसले. भाषेचं उत्तम होतं, गणितात दोनच चुका होत्या. मग आकृत्या आल्या.

"हा 'अ' काहून लिवला? उत्तर 'क' हाये."

"सर, 'अ' बी बसून राहिला होता अन् 'क' बी. दोन्ही बराबर. मंग मी पहिला लिवला."

"दोन्ही कसे बसतील गं? दाखव बरं."

शिवकन्येनं लाल कागदाची तीच आकृती कापली. बोटांनी फिरवत फिरवत 'क'वर ठेवली, बसली. मग उचलली, आणि तव्यावरची भाकरी परतावी तशी सहज पालथी करून 'अ'वर ठेवली. तीही अगदी कडेला कड लावून बसली.

"बघा," ती म्हणाली.

सरांनी ती आकृती हातात घेतली. वरून लाल, खालून लाल. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. 'आकृती फिरवायची, पण पालथी घालायची नाही' हे वाक्य सोळा वर्षांत त्यांच्या तोंडून कधी गेलंच नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. पत्रिकेच्या तुकड्यावर गणपतीची सोंड असायची नाहीतर वधूपित्याचं नाव, आणि मोहवाडीचं कुठलंही पोर गणपती पालथा घालत नसतं. छापील बाजू आपसूक वर राहायची. पालथा घातलाच तर कोरी बाजू दिसायची आणि चूक तिथल्या तिथं कळायची. म्हणजे अकरा पोरांना नवोदयला लावण्यात अर्धा वाटा छापखान्याचा होता आणि सर आजवर सगळं श्रेय मनातल्या मनात स्वतःच्या पदरात घालत होते. हा लाल कागद दोन्हीकडून सारखा. पालथा घातला तरी कळायचं नाही, शिकवणाऱ्यालाही नाही आणि शिकणाऱ्यालाही नाही.

असे सहा प्रश्न होते आणि त्यातले चार तिनं पहिलं बसलेलं लिहून घालवले होते. नवोदयला एकेका गुणामागं पोरांची रांग असते.

"सर, चुकलं का?" शिवकन्येनं विचारलं.

"न्हाई," सर म्हणाले. "बराबर हाये. जा, खेळ."

ती उड्या मारत गेली. सर तो लाल तुकडा खिशात घालून बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. आपण खोटं का बोललो, हे त्यांचं त्यांनाच कळेना. कदाचित लागेलही नंबर, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. निकालाआधी कशाला कुणाचा जीव टांगणीला लावायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ आपली होती आणि तिच्यात दुसऱ्याचं लेकरू होतं, हे तेवढं त्यांनी मनाला सांगितलं नाही.

घरी प्रेमाताईंच्या लक्षात आलं. सरांची बायको कमी बोलते, पण ताटात भात उरला तर कारण विचारल्याशिवाय राहत नाही. सरांनी सगळं सांगितलं.

"उद्याच जा अन् त्या बाईला सांगा," त्या म्हणाल्या. "नंबराच्या भरवशावर ती बसून राहील. अजून हातात दोन-तीन महिने हायेत, दुसरं काही बघता येईल तिला. निकाल लागल्यावर सांगाल तर तिला काय उपयोग?"

"सांगतो," सर म्हणाले.

पण सांगितलं नाही. उलट फेब्रुवारीत वेगळंच घडलं. आसपासच्या शाळांचं केंद्र डोंगरकड्याला. तिथल्या शिक्षण परिषदेत कागदातून आकृत्या शिकवायची रीत दाखवायला सरांनाच बोलावलं. तीस शिक्षक, समोर टेबल, मागं फलक. सरांनी आदल्या दिवशी डोंगरकड्यातल्या छापखान्यात जाऊन वाया गेलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मागून आणला. आणि परिषदेत काटा टोचायच्या आधीच ते म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवा. छापील बाजू कायम वर. पोरांनी कागद पालथा घालता कामा नये." तीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. टाळ्या पडल्या. सोळा वर्षांत न बोललेलं वाक्य सर असं बोलले, जणू रोजच बोलत आले आहेत. दुरुस्ती त्यांनी सगळ्या केंद्राला दिली. जिला द्यायची ती तिथून चार किलोमीटरवर पातेली घासत होती. मला या माणसाची कीव येते, पण या जागी रागही येतो.

त्याच आठवड्यात पल्लवी आली. पल्लवी म्हणजे गोजरबाईंची धाकटी लेक, नांदेडला एका दवाखान्यात नर्स. घर दोन खोल्यांचं, पण नवरा समजूतदार. आईची तब्येत कळल्यावर तिनं ठरवलं होतं की बहिणीची पोर आपण न्यायची. ती आईला घेऊन थेट शाळेत आली. शिवकन्या दाराला टेकून ऐकत होती.

"सर, आमचे सासरे वारले मागच्या महिन्यात," पल्लवी म्हणाली. "सासूबाई आज ना उद्या आमच्याकडं यायच्या. त्या आल्यावर घरात आणखी एक माणूस आणायचं म्हटलं तर मला तोंड उघडता यायचं नाही. आत्ता ही माझ्याकडं राहायला लागली तर कुणी काढून देणार नाही. दाखला नंतर नेऊ. आई म्हणते सरांना विचार. तुम्ही सांगा."

गोजरबाई सरांकडं बघत होत्या. त्या नजरेत काळजी नव्हती. उलट लेकीची थोडी गंमतच वाटत होती. सरांचा शब्द असताना ही बापडी काहून तकलीफ घेऊन राहिली, असं काहीतरी.

"सर, धाडू का?" त्यांनी विचारलं.

सांगायची हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. 'न्या तिला, नंबराचं काही खरं नाही.' पण मग 'काहून?' असा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर परवाच्या परिषदेपर्यंत गेलं असतं. तिथल्या टाळ्या अजून ताज्या होत्या. सरांनी टेबलावरचा डस्टर उचलून दुसरीकडं ठेवला.

"थांबा थोडं," ते म्हणाले. "निकाल लागू द्या. नवोदय ते नवोदय."

"बघ," गोजरबाई लेकीला म्हणाल्या.

पल्लवी गेली. पंधरा दिवसांत तिच्या सासूला अर्धांगवायू झाला आणि एका खोलीत त्यांचा पलंग पडला. आता त्या घरात पाय ठेवायला जागा नाही, हे फोनवर सांगताना पल्लवी रडत होती.

मार्चच्या शेवटी निकाल आला. यादीत नाव नव्हतं. सरांनी ती तीनदा वरून खाली पाहिली, जसं काही तिसऱ्या वेळी नाव उगवणार होतं. त्या दिवशी गोजरबाईंची खिचडी खाली लागली आणि पोरांनी तशीच खाल्ली. शिवकन्या मागच्या रांगेत जाऊन बसली. त्यानंतर तिनं कात्रीला हात लावला नाही. वाडीतल्या बाया विहिरीवर म्हणायला लागल्या की सर तरी काय करणार, पोरीचं डोकंच तेवढं, आणि हे तिच्या कानावर जात होतं. एकदा सर जवळ गेले तर ती खाली बघून म्हणाली, "सर, मी येडी हाये. मला येतच न्हाई." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड तेव्हाही उघडलं नाही.

एप्रिल असाच गेला. सरांना झोप लागेना. जेवताना घास फिरे. प्रेमाताईंनी विचारणं सोडून दिलं होतं, आणि ते न विचारणं सरांना जास्त बोचत होतं.

एक मेला निकालपत्रकं वाटली. दोन तारखेला सकाळी संतराम मोटरसायकल घेऊन पोरीला न्यायला येणार, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. त्या सकाळी सर डोंगरकड्याच्या घरून निघाले तेव्हाच ऊन चटके देत होतं. आज सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. पोरगी निदान आपण मूर्ख आहोत असं समजून तर जायला नको. एवढं तरी तिला देता येईल, असं त्यांना वाटत होतं.

गोजरबाईंच्या अंगणात संतराम पिशवी गाडीला बांधत होता. आत दोन फ्रॉक, वह्या आणि आईचा एक फोटो, इतकंच सामान. गोजरबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या आता धरल्याशिवाय उभ्या राहू शकत नव्हत्या. शिवकन्या वेणी घालून उंबऱ्यात उभी होती.

"गोजरबाई," सर म्हणाले, "मला काही सांगायचंय. पोरगी चुकली न्हाई. मी चुकीचं शिकवलं. कागद दोन्हीकडून सारखा होता. तो पालथा घालायचा नसतो हे मी सांगायलाच पाहिजे होतं, ते मी सांगितलंच न्हाई. तिचे सगळे गुण त्याच्यात गेले. माझ्यामुळं गेले."

गोजरबाई ऐकत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"सर, तुमी देवमानूस हायेत," त्या म्हणाल्या. "लेकराच्या मनाला लागू नये म्हनून सोताच्या अंगावर घेऊन राहिले. म्या काय येडी हाये व्हय?"

"न्हाई हो, खरं सांगतोय मी."

"राहू द्या सर," संतराम गाठ आवळत म्हणाला. "तुमच्या हाताखालचे अकरा पोरं लागले. हिच्याच्यानं झालं न्हाई, त्यात तुमचा काय दोष? मी बी हिला शाळेत घालतोच की. सकाळचं हाटेल झालं की जाईल."

सर पुन्हा सांगायला लागले. कागद, पताका, खळ, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते त्या दोघांच्या नजरेत मोठे होत चालले. त्यांच्या चुकीवर विश्वास ठेवायला त्या अंगणात कुणी तयार नव्हतं. सोळा वर्षांची अब्रू आडवी येत होती, आणि खरं सांगायचं तर सरांना एक क्षण हायसंही वाटलं. सांगून झालं, कुणी रागावलं नाही, आता जायला हरकत नाही.

तेवढ्यात शिवकन्या बोलली. तिचं मात्र ऐकून झालं होतं आणि तिला सगळं समजलं होतं. कागद तिच्याच हातातला होता.

"सर, तुमाला हे कवा समजलं?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. 'निकाल लागल्यावर' असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले.

"तवा तुमी म्हनले, बराबर हाये."

"व्हय."

"मंग पल्लवी मावशी मला न्यायला आली तवा तुमाला ठाऊक होतं."

पोरीचा आवाज चढला नव्हता. पेपरातलं गणित सोडवावं तशी ती एकेक पायरी मांडत होती. सरांनी मान खाली घातली. संतरामचा हात गाठीवरच थांबला. गोजरबाईंनी भिंत सोडली नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. देवमाणूस म्हणाल्या त्याला मिनिटही झालं नव्हतं.

मग गोजरबाईच म्हणाल्या, कुणाकडंही न बघता, "शिवे, ऊन चढून राहिलं. सरच्या पाया पड अन् नीघ."

शिवकन्या हलली नाही.

"पड म्हन्ते ना."

"नका सांगू तिला," सर म्हणाले. "बराबर करून राहिली ती."

गोजरबाईंनी परत सांगितलं नाही. शिवकन्या आजीच्या पाया पडली, तिच्या पोटाला गच्च मिठी मारून उभी राहिली, मग सरांच्या बाजूनं गेली आणि मामाच्या मागं गाडीवर बसली. गाडी केळीच्या बागेच्या वळणाला जाईपर्यंत गोजरबाई उभ्या होत्या. मग त्या भिंतीचा आधार घेत घेत आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

सर अंगणात उन्हात उभे राहिले. आत ती बाई रडत होती, आणि दार वाजवायची त्यांना हिंमत झाली नाही.